नवशिक्षकाची ‘ओळख’ आणि तिचे मापन : एक भाषिक विचार

शिक्षकाचे ज्ञान जोखण्याची साधने महाराष्ट्रात आता विपुल झाली आहेत. शिक्षक पात्रता परीक्षा राज्यात प्रथम २०१३ मध्ये घेण्यात आली. डिसेंबर २०१७ मध्ये तिच्या जोडीस शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आली. तिचे २०० गुण असून त्यांपैकी १२० अभियोग्यतेस व ८० बुद्धिमत्तेस दिलेले आहेत. उमेदवारास बालमानसशास्त्र किती येते, गणित किती येते, तर्क कसा चालतो, हे या परीक्षांवरून बऱ्याच अंशी समजते. परंतु तो स्वतःस शिक्षक मानतो काय, आणि मानत असल्यास कोणत्या अर्थाने मानतो, या प्रश्नास त्या स्पर्शही करीत नाहीत. शिक्षणशास्त्रात या प्रश्नास शिक्षकाच्या ‘व्यावसायिक ओळखी’चा प्रश्न असे म्हणतात. गेल्या काही दशकांत तिच्या मापनाची अनेक साधने पाश्चात्त्य देशांत तयार झाली असून ती आपल्याकडेही भाषांतरित होऊन येऊ लागणे स्वाभाविक आहे. ही साधने मराठीत आणताना नेमके काय मोजले जाते आणि काय निसटते, याचा विचार येथे करावयाचा आहे. विचारास आधार म्हणून पनवेल व आसपासचा परिसर समोर ठेवला आहे. कारण नवशिक्षकाची ओळख ज्या ताणांतून घडते ते बहुतेक सर्व ताण या एका तालुक्यात एकत्र आलेले दिसतात.

ओळख म्हणजे काय

कौशल्य आणि ओळख या भिन्न गोष्टी होत. फलकलेखन सुरेख असलेला, पाठ टाचण नेटके काढणारा छात्राध्यापक मनाने शिक्षक झालेला असेलच असे नाही. उलट, पहिल्या सराव पाठात गोंधळलेली एखादी छात्राध्यापिका आपण याच कामासाठी आहोत हे निश्चित जाणत असते. ओळख म्हणजे ‘मी कोण आणि माझे काम कोणते’ या प्रश्नास व्यक्तीने स्वतःशी दिलेले, आणि भोवतालच्या माणसांनी कमीअधिक मान्य केलेले उत्तर. यातील दुसरा भाग महत्त्वाचा आहे. ओळख केवळ मनात राहत नाही. ती संबोधनात, पदनामात आणि गावाच्या वागणुकीत राहते.

या विषयातील दोन जुनी निरीक्षणे आजही टिकून आहेत. फ्रान्सिस फुलर यांनी १९६९ मध्ये असे दाखविले की, नवशिक्षकाची चिंता प्रथम स्वतःविषयी असते. आपला निभाव लागेल काय, ही ती चिंता. नंतर ती कामाकडे वळते, आणि अखेरीस मुलांकडे. डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये दुसरी गोष्ट पुढे आणली. शिक्षक होणारा मनुष्य हजारो तास विद्यार्थी म्हणून बाकावर बसून शिक्षकांना पाहत आलेला असतो. त्यामुळे प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वीच शिक्षकाची एक प्रतिमा त्याच्या मनात पक्की झालेली असते. वैद्यक शिकणाऱ्याने वैद्य इतका जवळून व इतका दीर्घकाळ पाहिलेला नसतो.

नेदरलँड्समधील हॅना व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उपलब्ध मापनसाधनांचा आढावा घेऊन त्यांतून सहा अंगे वेगळी केली : स्वप्रतिमा, प्रेरणा, बांधिलकी, स्वक्षमतेवरील विश्वास, कार्याविषयीची धारणा आणि कामातील समाधान. यांतील स्वप्रतिमा, प्रेरणा, स्वक्षमता व कार्यधारणा ही चार अंगे घेऊन प्राथमिक शिक्षणाच्या छात्राध्यापकांसाठी त्यांनी पुढे एक मापिकाही रचली. ही विभागणी उपयुक्त आहे. ‘मला शिक्षक व्हायचे आहे’, ‘मला शिकवता येते’ आणि ‘शिकवणे म्हणजे अमुक करणे’ ही तीन विधाने एकच गोष्ट सांगत नाहीत, हे तिच्यामुळे स्पष्ट होते. पहिले प्रेरणेचे, दुसरे स्वक्षमतेचे आणि तिसरे कार्यधारणेचे. एका अंगात उच्च असलेला शिक्षक दुसऱ्यात निम्न असू शकतो. म्हणून सर्वांची बेरीज करून एकच अंक काढणे फसवे ठरते.

पदनिश्चयन श्रेणी आणि तिची मराठी अडचण

बहुतेक मापिका रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर उभ्या आहेत. एक विधान द्यावयाचे आणि उत्तरदात्याने ‘पूर्णतः सहमत’ पासून ‘पूर्णतः असहमत’ पर्यंतच्या पाच पायऱ्यांपैकी एक निवडावयाची. पद्धत सोपी व स्वस्त आहे, शेकडो व्यक्तींना एकाच वेळी लागू करता येते. परंतु मराठीत तिच्यापुढे निदान तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण मूळ शब्दांचीच आहे. ‘व्यावसायिक ओळख’ हा पारिभाषिक जोड घ्या. मराठीत ‘ओळख’ म्हणजे प्रथमतः परिचय; ‘त्यांची माझी ओळख आहे’ असे आपण म्हणतो. ‘अस्मिता’ म्हणावे तर तो शब्द प्रांत, भाषा व जात यांच्या अभिमानाशी जखडला गेला आहे. ‘व्यवसाया’ची स्थिती याहून बिकट. दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालनाचा व्यवसाय, शेतीस पूरक व्यवसाय हे त्या शब्दाचे रोजचे सोबती होत. ‘अध्यापन हा माझा व्यवसाय आहे’ या विधानावर एखादा सच्चा शिक्षक ‘असहमत’ अशी खूण करील, कारण शिकवणे हा धंदा नव्हे असे त्यास म्हणावयाचे असते. शब्द बदलून ‘पेशा’ केला तर ‘शिक्षकी पेशा’ या रूढ प्रयोगामुळे अर्थ जवळ येतो. ‘व्रत’ केला तर सर्वच जण सहमत होतात. ‘नोकरी’, ‘पेशा’, ‘व्यवसाय’, ‘सेवा’, ‘व्रत’ या पाच शब्दांपैकी कोणता घातला यावर उत्तर बदलत असेल, तर मोजला जात आहे तो शब्दाचा मान, शिक्षकाचे मन नव्हे.

दुसरी अडचण वाक्यरचनेची. उत्तरदाता डोळे झाकून ‘सहमत’ लिहीत जाऊ नये म्हणून मापिकेत काही विधाने नकारार्थी ठेवतात. ‘शिक्षक झाल्याचा मला पश्चात्ताप होत नाही’ या विधानाशी ‘असहमत’ होणे म्हणजे पश्चात्ताप होतो असे म्हणणे. नकारावर नकार चढविण्याची ही कसरत बोलत्या मराठीस सवयीची नाही. येथे चुकलेले उत्तर हे वृत्तीचे नसून वाचनाचे असते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. मनुष्य प्रश्नावलीतही चारचौघांत शोभेल असेच उत्तर देऊ पाहतो. क्राउन व मार्लो यांनी या प्रवृत्तीचे मापन १९६० मध्येच करून दाखविले. जेथे शिक्षकाची प्रतिमा साने गुरुजींच्या नावाशी निगडित झाली आहे, तेथे ‘मी केवळ वेतनासाठी या क्षेत्रात आलो’ या विधानास ‘सहमत’ म्हणण्याचे धैर्य किती छात्राध्यापकांना होईल? पांडुरंग सदाशिव साने हे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ पासून १९३० पर्यंत शिक्षक होते. पण ‘गुरुजी’ हे संबोधन त्यांच्या नावाचा भाग बनून राहिले. असा आदर्श समोर असताना सरळ प्रश्नास सरळ उत्तर मिळण्याची आशा कमीच.

क्रॉनबाख यांचा १९५१ मधील अल्फा गुणांक काढून मापिका विश्वसनीय ठरविण्याची रीत आहे. तो गुणांक उच्च आला म्हणजे विधाने परस्परांशी जुळतात एवढेच सिद्ध होते. सर्वच विधानांना उत्तरदात्याने शोभेचे उत्तर दिले असेल तर तीही परस्परांशी उत्तम जुळतील. विश्वसनीयता मिळेल, सप्रमाणता मिळणार नाही.

पनवेलचा परिसर

रायगड जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था पनवेल येथे आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून अशा संस्थांची योजना पुढे आली. शहरास २०१६ मध्ये महानगरपालिका मिळाली. एका बाजूस सिडकोने वसविलेल्या खारघर, कामोठे, कळंबोली या वसाहती आणि त्यांतील इंग्रजी माध्यमाच्या शाळा. दुसऱ्या बाजूस आगरी-कोळ्यांची जुनी गावे. आणि डोंगराच्या कडेस कातकरी व ठाकर समाजाच्या वाड्या. शिक्षक होऊ पाहणारी व्यक्ती यांपैकी कोठे उभी राहील, यावर तिने स्वतःस काय म्हणावे हे पुष्कळसे अवलंबून असते. वसाहतीतील इंग्रजी शाळेत ती ‘टीचर’ किंवा ‘मॅडम’ होते, जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘बाई’ होते. पुरुष शिक्षक एके ठिकाणी ‘सर’ तर दुसरीकडे ‘गुरुजी’. हे शब्द एकाच पदाचे पर्याय नव्हेत. प्रत्येकाबरोबर मुलांशी आणि गावाशी असलेले अंतर वेगळे होते.

या जागी काम करणारा नवशिक्षक पुष्कळदा बाहेरचा असतो. मराठवाडा, विदर्भ वा पश्चिम महाराष्ट्रातून कोकणात नेमणूक झालेल्या शिक्षकाचे लक्ष आंतरजिल्हा बदलीकडे लागलेले असणे मानवी आहे. दोनशिक्षकी शाळेत तो रुजू होतो तेव्हा त्याच्या कानी पडणारी भाषा पाठ्यपुस्तकाची नसते. आगरी बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’, ‘शाळा’ची ‘शाला’, ‘गाडी’ची ‘गारी’ होते. कातकरी मुलांच्या घरची बोली तर त्यास अधिकच परकी. कातकरी ही केंद्र शासनाने महाराष्ट्रातील ज्या तीन आदिवासी जमातींची विशेष दुर्बल म्हणून नोंद केली आहे त्यांपैकी एक. उरलेल्या दोन कोलाम व माडिया गोंड. अशा मुलाने पहिलीच्या वर्गात तोंड उघडावे की मिटावे, हे पुष्कळ वेळा नवशिक्षकाच्या कार्यधारणेवर ठरते. ‘मुलांची भाषा शुद्ध करणे हे माझे काम’ असे मानणारा शिक्षक आणि ‘मुलांच्या भाषेतून पुस्तकाच्या भाषेकडे नेणे हे माझे काम’ असे मानणारा शिक्षक, हे दोघेही परदेशी मापिकेवर सारखेच गुण मिळवू शकतील. येथील मुलांच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कार्यधारणेच्या अंगात हा प्रश्न न घालणारी मापिका पनवेलमध्ये उपयोगाची नाही.

पदनामांचा परिणाम

ओळख घडविण्यात शासनाने दिलेल्या नावांचा वाटा कमी नाही. मुंबईत १८४५ मध्ये अध्यापकवर्गाची धुरा बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. अशा वर्गांमुळे जुन्या ‘पंतोजी’हून वेगळा, शिकवण्याचे शिक्षण घेतलेला मनुष्य निर्माण होऊ लागला आणि कालांतराने ‘शिक्षक’ हा शब्द त्यास चिकटला. त्या शब्दात कर्तेपणा आहे : जो शिकवतो तो. पुढील काळात याच शब्दाची मोडतोड झाली. वस्तीशाळांवर नेमलेल्यांस ‘निमशिक्षक’ म्हटले गेले. २००० पासून ‘शिक्षणसेवक’ हे पद आले. तीन वर्षे मानधनावर काम केल्यानंतर नियमित वेतनश्रेणी, अशी त्याची रचना. प्राथमिक स्तरावरील हे मानधन दीर्घकाळ दरमहा ६,००० रुपये होते. २०२३ मध्ये ते १६,००० करण्यात आले. वर्गात हा मनुष्य पूर्णवेळ शिकवीत असे, मुले त्यास ‘सर’ म्हणत, परंतु आदेशाच्या कागदावर तो शिक्षक नसे. ज्या तीन वर्षांत ओळख घडावयाची त्याच तीन वर्षांत ती नाकारली जाण्याची ही व्यवस्था होय.

याहून लक्षणीय आहेत प्रतीक्षेत असलेल्यांनी स्वतःस लावलेली नावे. २०१२ पासून शिक्षकभरतीवर निर्बंध आल्यावर पदविका व पदवी घेतलेल्या तरुणांच्या पिढ्या थांबून राहिल्या. त्यांच्या निवेदनांतून व वृत्तपत्रांतून ‘भावी शिक्षक’, ‘पात्रताधारक’, ‘अभियोग्यताधारक’ हे शब्द रूढ झाले. ‘भावी’ हे विशेषण छात्राध्यापकास दोन वर्षे शोभते. तिशी ओलांडलेल्या, खाजगी शिकवण्या घेणाऱ्या माणसास ते दहा वर्षे लावावे लागले म्हणजे त्याचा अर्थ पालटतो. ‘अभियोग्यताधारक’ या शब्दात तर शिकवण्याचा लेशही उरलेला नाही. आहे ती फक्त परीक्षा. मापनाच्या साधनाने माणसास नाव दिल्याचे असे उदाहरण विरळाच. ओळखीच्या कोणत्याही मापनात हा प्रतीक्षेतील वर्ग स्वतंत्र गट म्हणून धरला पाहिजे; त्यास छात्राध्यापकांत वा नवशिक्षकांत मिसळल्यास दोन्हींचे चित्र बिघडेल.

भाषेतून मिळणारा पुरावा

सरळ प्रश्न जेथे थिटा पडतो तेथे आडवळणाची साधने हाती घ्यावी लागतात. तीन साधने मराठीस विशेष अनुकूल आहेत.

पहिले, कून व मॅकपार्टलंड यांची १९५४ मधील वीस विधानांची चाचणी. ‘मी कोण?’ या प्रश्नास उत्तरदात्याने वीस उत्तरे लिहावयाची. ‘शिक्षक’ हे उत्तर येते काय आणि कितव्या क्रमांकावर येते, हे पाहावयाचे. मुलगी, सून, आई, अमुक गावची, तमुक समाजाची या ओळखींच्या रांगेत ‘शिक्षिका’ तिसरी की सतरावी, हे कोणत्याही सहमतीच्या खुणेपेक्षा अधिक बोलके असते.

दुसरे, ऑसगूड, सुसी व टॅननबॉम यांनी १९५७ मध्ये मांडलेली अर्थभेदाची पद्धत. ‘गुरुजी’, ‘सर’, ‘शिक्षणसेवक’, ‘मी’ हे शब्द एकेक करून द्यावयाचे आणि प्रत्येकास जवळचा–दूरचा, समर्थ–दुबळा, मोकळा–बांधलेला अशा विरोधी जोड्यांमध्ये सात पायऱ्यांवर बसवावयाचे. ‘मी’ हा शब्द कोणत्या शब्दाच्या शेजारी जाऊन बसतो हे मग आकड्यांनी दाखविता येते. उत्तरदात्यास शोभेचे उत्तर कोणते हे येथे सहजी उमगत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण.

तिसरे साधन स्वतः मराठीचे व्याकरण. इंग्रजीत ज्यासाठी एकच सर्वनाम आहे तेथे मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ही दोन आहेत. पहिल्यातून ऐकणारा वगळला जातो, दुसऱ्यात तो सामावला जातो. केंद्रातील अनुभवी शिक्षकांशी बोलताना नवशिक्षक ‘शिक्षकांनी असे करावे’ म्हणतो, ‘आम्ही नवीन लोक’ म्हणतो की ‘आपण शिक्षकांनी’ म्हणतो, यावरून समुदायात तो कोठे उभा आहे ते कळते. क्रियापदही असेच साक्ष देते. ‘मला नोकरी लागली’ यात मनुष्य कर्ता नाही, नोकरीच येऊन लागते. ‘मी शिक्षक झालो’ यात रूपांतर आहे. दोन्ही वाक्ये एकाच नेमणुकीविषयी असू शकतात.

फुलर यांच्या अवस्थांचा मागोवाही या मार्गाने घेता येईल. सराव पाठानंतर छात्राध्यापकाने लिहिलेल्या चार ओळी पाहाव्या. ‘पाठ पार पडला’ या वाक्यात संकटातून सुटल्याचा सूर आहे. ‘मी अपूर्णांकांचा पाठ घेतला’ यात कर्ता शिक्षक व विषय काम. ‘मुलांना पाव आणि अर्धा यांतला फरक कळला, पण पाऊण कळले नाही’ यात वाक्याचा केंद्रबिंदू मुले झाली आहेत. मराठीत ‘शिकवणे’ हे ‘शिकणे’ याचे प्रयोजक रूप आहे. दुसरे कोणी शिकले तरच ते क्रियापद सार्थ होते. नोंदवहीतील वाक्यांचा कर्ता महिन्यामहिन्यांनी ‘मी’कडून ‘मुलां’कडे सरकतो काय, हे मोजणे अवघड नाही. हे अद्याप गृहीतकच होय. ते तपासावयाचे तर एकाच छात्राध्यापकाच्या वर्षभराच्या नोंदी क्रमाने वाचाव्या लागतील, आणि त्या नोंदी निरीक्षकास दाखविण्यासाठी लिहिलेल्या नसाव्यात, ही पथ्याची बाब.

या तिन्ही साधनांनाही मर्यादा आहेत. त्यांस वेळ अधिक लागतो, दोन वाचकांनी स्वतंत्रपणे वर्गीकरण करून ते जुळते की नाही हे पाहावे लागते, आणि ‘आम्ही’ हे सर्वनाम काही प्रदेशांत केवळ विनयाने वापरले जाते हेही ध्यानी ठेवावे लागते. म्हणून मापिका टाकून देण्याचे कारण नाही. मापिकेची विधाने येथील छात्राध्यापकांच्या बोलण्यातून घ्यावी, बाहेरून आणलेली विधाने उलट भाषांतर करून पडताळावी, नकारार्थी रचना वगळावी, आणि तिच्या निष्कर्षास भाषिक पुराव्याची जोड द्यावी.

मापन कशासाठी

एक प्रश्न शेवटी उरतो आणि तो तांत्रिक नाही. अशा मापनाचा उपयोग कोणासाठी करावयाचा? ज्या क्षणी ओळखीची मापिका भरतीच्या चाळणीत बसविली जाईल, त्या क्षणी तिच्या उत्तरांचे मार्गदर्शक बाजारात येतील आणि ती शोभेच्या उत्तरांची आणखी एक परीक्षा होईल. पात्रता व अभियोग्यता यांच्या दोन चाळण्यांतून गेलेल्यांस तिसरी नको आहे. तसेच एकदा मोजून शिक्का मारणेही अयोग्य; ओळख ही घडणारी वस्तू आहे, आणि पहिल्या वर्षीचा निम्न अंक हा त्या व्यक्तीचा दोष नसून अनेकदा एकशिक्षकी शाळेचा, अनोळखी बोलीचा व अर्धवट पदनामाचा परिणाम असतो.

योग्य उपयोग साधा आहे. प्रशिक्षणाच्या आरंभी, अखेरीस आणि नेमणुकीनंतरच्या पहिल्या तीन वर्षांत हेच मापन पुन्हा पुन्हा करावे. अंक व्यक्तीच्या सेवापुस्तकात न नोंदवता संस्थेच्या अभ्यासासाठी ठेवावे. आणि कोणत्या टप्प्यावर, कोणत्या प्रकारच्या शाळेत ओळख खचते हे शोधून तेथे सोबत पुरवावी. वाडीवरील शाळेत रुजू झालेल्या नवशिक्षिकेस पहिल्या सहा महिन्यांत परिसराची बोली जाणणारा एक अनुभवी सहकारी मिळाला आणि त्यानंतर तिच्या नोंदवहीत मुले कर्तास्थानी येऊ लागली, तर मापनाचे चीज झाले असे म्हणावे. तसे न होता केवळ कोष्टके वाढली, तर परीक्षांच्या यादीत एका नावाची भर पडेल, आणि वर्गातील मूल पूर्वीइतकेच गप्प राहील.